खाटेशेजारची खिडकी

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर राउंडवर आलेले सर्जन आजही आधी विचारतात, 'गॅस पास झाला का?' थबकलेले पोट चालू लागल्याची ही खूण, पण ती खालच्या टोकाची. वर जठरात काय साठले आहे हे कळायला आत डोकवावे लागते. त्या डोकावण्याचा माग काढत आपण अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर पोचतो. 6 जून 1822 रोजी तिथल्या कातड्यांच्या व्यापाऱ्याच्या दुकानात अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला चुकून गोळी लागली. जखम भरली, जठराला पडलेले भोक मात्र बुजले नाही. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्यातून आत सोडत, थोड्या वेळाने वर ओढून पाहत. त्यावर त्यांनी 1833 मध्ये ग्रंथ लिहिला. सेंट मार्टिनला हे कितपत रुचले असेल? 1880 मध्ये तो वारला, तेव्हा ते जठर डॉक्टरांच्या हाती लागू नये म्हणून घरच्यांनी देह आधी कुजू दिला, मगच पुरला. योगायोग असा, की त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्युरी बंधूंनी स्फटिक दाबले की वीज उमटते हे दाखवले. सोनोग्राफीचा प्रोब याच गुणावर चालतो.

हे दोन धागे जुळायला शंभर वर्षे लागली. मधल्या काळात हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी बिस्मथ मिसळलेले अन्न खाल्लेल्या मांजरांची जठरे क्ष-किरणांखाली न्याहाळली. 1906 मध्ये, आतडी नुसती हाताळली तरी जठराची हालचाल मंदावते, हे त्यांनी सहकारी मर्फी यांच्यासह नोंदवले. आपल्याकडे सर्रास नाकातून घालतात ती 'राइल्स ट्यूब' 1921 ची, मुळात जठररस तपासण्यासाठी जॉन राइल यांनी सुचवलेली. पुढे 1982 मध्ये बेटमन आणि व्हिटिंगहॅम यांनी जठर किती वेगाने रिकामे होते ते सोनोग्राफीने मोजले आणि 2009 मध्ये टोरांटोच्या अनाही पर्लास यांच्या गटाने ही तपासणी भूलतज्ज्ञांच्या हाती दिली. बरगड्यांखालच्या खळगीत प्रोब टेकवला की यकृताच्या आडून जठराचा शेवटचा भाग, अँट्रम, दिसतो. रिकामा असेल तर नेमबाजीच्या चकतीसारखा. पाणी असेल तर काळा, त्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असले तर चांदण्या रात्रीसारखा. त्यावरून, रुग्णाला उलटी होण्याआधीच, नळी घालायची की घोटभर पाणी द्यायचे हे ठरवायला मदत होते. आपल्याकडे मात्र ही खिडकी सहज उघडत नाही. सोनोग्राफीने होणाऱ्या गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्ये कायदा केला, केंद्राने 1994 मध्ये; त्यामुळे जठर बघायला आणलेल्या यंत्राचीही नोंद लागते, आणि ते हाताळणाऱ्या डॉक्टरचीही.