सर्वनामांची परीक्षा

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत एक लहानसा प्रश्न नेहमी असतो : रिकाम्या जागी ‘आय’ लिहावे की ‘मी’? मराठी मुलाची येथेच पहिली फसगत. आपला ‘मी’ कर्ता, तर इंग्रजांचा ‘मी’ कर्म! ‘ही लाइक्स यू मोर दॅन आय’ म्हणजे, मी तुझ्यावर जितकी माया करतो त्याहून तो अधिक करतो. ‘दॅन मी’ म्हटले, की त्याची माझ्यावरची माया कमी ठरते. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘माझ्यापेक्षा’ एवढेच म्हणून आपण मोकळे होतो. रॉबर्ट लाउथ याने 1762 साली आपल्या व्याकरणात असा निवाडा दिला, की ‘दॅन’पुढील अध्याहृत शब्द ओळखावा आणि त्यावरून विभक्ती ठरवावी. बोलणारा इंग्रज मात्र दोन्ही अर्थी सर्रास ‘दॅन मी’च म्हणतो, कसोटी लागते ती परीक्षार्थ्याची.

आमच्या जालन्याकडे हा घोळ तिपेडी होता. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. इंग्रजी हा आवश्यक विषय. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने उर्दूतून शिकावे आणि इंग्रजीत उत्तर लिहावे. आता पाहा : उर्दूचा ‘वह’ बाई की पुरुष हे स्वतः सांगत नाही. इंग्रजीत ‘ही’ आणि ‘शी’ वेगळे. मराठीत तर चाकू ‘तो’, वही ‘ती’ आणि पुस्तक ‘ते’. शिवाय वडील आले, की ‘ते’ आले. इंग्रजीत आदरार्थी बहुवचन चालत नाही, तेथे वडीलही ‘ही’च. आदराने ‘दे’ लिहिणाऱ्या मुलाचे गुण जायचे, हा न्याय आम्हांस जरा कठोरच वाटतो.

‘वुई’चेही तसेच. ‘आम्ही जाऊ’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण जाऊ’ म्हणताना तो बरोबर येतो. इंग्रजीचा ‘वुई’ आणि उर्दूचा ‘हम’ हा भेद पाळत नाहीत. भाषांतर करणाऱ्याला संदर्भावरूनच ठरवावे लागते.

एके काळी इंग्रजांतही ‘दाऊ’ आणि ‘यू’ असा आपल्या तू-तुम्हीसारखा भेद होता. सतराव्या शतकात नेहमीच्या बोलण्यातून ‘दाऊ’ मागे पडू लागला. त्याच शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी लहानथोर सर्वांना ‘दाऊ’ म्हणण्याचा हट्ट धरला आणि त्यापायी अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. न्यायाधीशाला ‘तू’ म्हणणे म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगायला नको! पुढे 1795 साली ज्याचे इंग्रजी व्याकरण निघाले व शाळाशाळांतून गेले, तो लिंडले मरे क्वेकरच. त्याच्या कोष्टकात द्वितीय पुरुषी एकवचन म्हणून ‘दाऊ’ ऐटीत बसला आहे.

देवापुढे मात्र ‘दाऊ’ टिकला. इंग्रजी बायबलचे प्रसिद्ध भाषांतर 1611 सालचे. त्याच्या तीनच वर्षे आधी, 1608 साली, आपल्या जिल्ह्यातील जांब येथे समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांनी मनाला उपदेश केला तो एकेरीतच. मराठी माणूस आईला ‘तू’ म्हणतो, विठ्ठलालाही ‘तू’ म्हणतो. मामलेदाराला मात्र ‘आपण’.