हिरवा आकडा आणि सुटलेलं पोट: बीएमआयची गोष्ट, ब्रुसेल्सपासून पुण्यापर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि मागून आलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. मागच्या वर्षी ऑफिसमध्ये हेल्थ चेकअप होता. माझी उंची १७० सेंटिमीटर, वजन ६६ किलो. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये आकडे टाकले, तर बीएमआय आला २२.८. शेजारी हिरवा गोल, त्यात 'नॉर्मल'. मी खूश. कँटीनमध्ये जाऊन साबुदाणा वडाही हाणला.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर ११२, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. डॉक्टरीणबाईंनी टेप घेऊन माझी कंबर मोजली, ती ९४ सेंटिमीटर भरली. मी म्हटलं, "पण मॅडम, मी तर बारीक आहे!" त्या म्हणाल्या, "हातपाय बारीक आहेत. पोट कुठे बारीक आहे?"

आमच्या घरात पोट सुटलं की 'खात्यापित्या घरचा दिसतो' असं कौतुकाने म्हणतात. बाबाही असेच, काटकुळे हात आणि पुढे आलेलं पोट. त्यांना चाळिशीत डायबेटिस झाला, तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं होतं. मग मला प्रश्न पडला की ज्या आकड्याने मला 'नॉर्मल' म्हटलं, तो आला कुठून? आणि तो ठरवताना आपल्यासारखी माणसं मोजली होती का?

एक खगोलशास्त्रज्ञ आणि 'सरासरी माणूस'

गोष्ट सुरू होते बेल्जियममध्ये. अडॉल्फ केतले, जन्म १७९६. हा डॉक्टर नव्हता, आहारतज्ज्ञ तर नव्हताच. हा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. ब्रुसेल्सची वेधशाळा याच्याच प्रयत्नांतून उभी राहिली.

त्या काळी खगोलशास्त्रज्ञांना एक गोष्ट माहीत झाली होती. एकाच ताऱ्याची जागा दहा वेळा मोजली तर दहा थोडी वेगळी उत्तरं येतात, पण ती सगळी एका मधल्या आकड्याभोवती गोळा होतात. केतलेने हाच विचार माणसांवर लावला. उंची, वजन, छातीचा घेर, इतकंच काय, गुन्ह्यांची आकडेवारीसुद्धा. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. १८३५ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं. त्यात एक निरीक्षण होतं: मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

बस, एवढंच. वजन किलोमध्ये घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. आज आपल्या फोनमध्ये चालतं ते गणित हेच. पण केतलेला कोण लठ्ठ, कोण निरोगी हे ठरवायचंच नव्हतं. त्याला समाजाचं चित्र काढायचं होतं, तुमच्या-माझ्या तब्येतीचं नाही.

विमा कंपन्यांचा तक्ता

पुढची शंभराहून जास्त वर्षं हे सूत्र पुस्तकातच पडून राहिलं. वजनाची खरी काळजी सुरू झाली ती विमा कंपन्यांना. कारण सरळ आहे. माणूस लवकर गेला की पैसे त्यांना द्यावे लागतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन कंपन्यांच्या लक्षात आलं, की जास्त वजनाचे पॉलिसीधारक तुलनेने लवकर मरतात. १९४० च्या दशकात मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने उंचीनुसार 'आदर्श वजना'चे तक्ते काढले. लहान, मध्यम आणि मोठा बांधा असे तीन रकाने होते. बांधा ओळखायचा कसा, हे मात्र त्यात सांगितलंच नव्हतं! आणि मोजले कोण गेले? ज्यांना विमा परवडत होता ते. हे तक्ते दवाखान्यांच्या भिंतींवर लागले आणि कित्येक वर्षं तिथेच राहिले.

अन्सेल कीज, उपास आणि १९७२

आता या गोष्टीतला दुसरा मोठा माणूस, अमेरिकन शास्त्रज्ञ अन्सेल कीज. त्याचा एक प्रयोग डाएट करणाऱ्या प्रत्येकाने ऐकायला हवा. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात उपासमार होती आणि भुकेल्या माणसांना पुन्हा खायला कसं घालायचं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार देणारे ३६ तरुण स्वतःहून पुढे आले. मिनेसोटा विद्यापीठात त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटलं. दिवसरात्र डोक्यात फक्त जेवणाचे विचार, चिडचिड, उदासी. आणि प्रयोगानंतर भरपूर खायला मिळालं तेव्हा वजन परत आलं, पण चरबी आधी आणि जास्त आली, स्नायू मागे राहिले.

ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

याच कीजने १९७२ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. पाच देशांतले सात हजारांहून जास्त पुरुष मोजले आणि केतलेचं जुनं सूत्र बाकीच्या सूत्रांशी ताडून पाहिलं. निष्कर्ष अगदी सावध होता. हे सूत्र पूर्ण समाधानकारक नाही, पण बाकीच्यांइतकं तरी बरं आहे. नाव त्यानेच दिलं: बॉडी मास इंडेक्स. त्या सात हजारांत बाई एकही नव्हती. आणि त्या पाच देशांत भारत नव्हता.

१९७२ म्हटलं की आपल्याकडच्या कुठल्याही आजी-आजोबांना काय आठवतं? बाहत्तरचा दुष्काळ! खडी फोडायची कामं, सुकडी, रेशनवरची लाल मिलो. तिकडे चरबीचं माप ठरत होतं आणि इकडे भाकरीची भ्रांत होती. दोन्ही एकाच वर्षी.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने बीएमआय उचलला. २५ च्या वर जास्त वजन, ३० च्या वर लठ्ठपणा. सोपं, स्वस्त, वजनकाटा आणि मोजपट्टी असली की झालं. म्हणून तो जगभर पसरला.

पुण्यातला घोळ

आता येऊ आपल्या गावाकडे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऑक्सफर्डमध्ये काम करून पुण्याला परतले आणि केईएम हॉस्पिटलमध्ये डायबेटिसचे रुग्ण बघू लागले. पुस्तकात लिहिलं होतं की हा डायबेटिस उतारवयातल्या लठ्ठ माणसांचा आजार. समोर येत होते तरुण आणि पुस्तकाच्या हिशोबाने बारीक म्हणावेत असे पेशंट. पुस्तक आणि पेशंट जुळेनात.

उत्तर शोधायला ते फार मागे गेले, थेट आईच्या पोटापर्यंत. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू झाला. सोबत इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक होते. गावातल्या या आया शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. साउदॅम्प्टनची बाळं होती ३.५ किलोची.

इथपर्यंत काही आश्चर्य नाही. पण मग बाळांचं मोजमाप झालं. दंड, पोट, डोकं, लांबी सगळ्यातच आपली बाळं कमी होती. पोटाचा घेर म्हणजे आतले अवयव, दंड म्हणजे स्नायू, इथे फरक मोठा. सगळ्यात कमी फरक कुठे होता? पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली असलेल्या चरबीच्या थरात. म्हणजे बाळाने स्नायूंवर काटकसर केली आणि चरबी जपली. वजनकाट्यावर बाळ लुकडं, आतून मात्र चरबीचा वाटा जास्त. याला नाव पडलं 'थिन-फॅट', आपल्या भाषेत बारीक-लठ्ठ.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. गरोदरपणात आई किती कॅलरी खाते यापेक्षा ती पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाते, याचा बाळाच्या आकाराशी जास्त संबंध होता. मेथी-शेपूचं पान साधं वाटतं, पण हिशोब तिथे होता.

दोन डॉक्टर, एक फोटो

२००४ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या साप्ताहिकात एक छोटीशी, पानभराचीही नसलेली नोंद आली. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन यूडकिन, दोघांचा फोटो. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अ‍ॅपवर टाकला तर दोघांनाही हिरवा गोल. मग दोघांनी शरीरातली चरबी मोजणारं स्कॅन केलं. यूडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! याज्ञिकांनी त्यात स्वतःचीच थट्टा केली आहे. यूडकिन मॅरेथॉन धावतात आणि आपला मुख्य व्यायाम काय, तर रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत ती गाठणं.

त्याच अंकात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचं म्हणणंही छापून आलं. आशियाई लोकांमध्ये कमी बीएमआयलाच धोका सुरू होतो, म्हणून २३ पासूनच सावध व्हा. पुढे २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनीही २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा अशी रेघ मारली. कंबरेसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर. आणि २०२५ मध्ये लॅन्सेटच्याच एका तज्ज्ञ आयोगाने सांगितलं, की नुसत्या बीएमआयवरून लठ्ठपणाचं निदान करू नका, कंबरही मोजा.

माझा आकडा आठवा: २२.८. नवी रेघ लावली तरी मी 'नॉर्मल'च. मला पकडलं ते टेपने. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार आपल्या देशात डायबेटिस असलेले १० कोटींहून जास्त लोक आहेत. त्यातल्या किती जणांना आधी हिरवा गोल दिसला असेल, विचार करा.

मग करायचं काय?

हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, डाएटचा नाही. पण या इतिहासातून मी स्वतःसाठी चार गोष्टी घेतल्या, त्या सांगतो.

एक, टेप. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजायचं. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. माझ्यासाठी ८५. अजून पोचलो नाही, ८९ वर आहे.

दोन, स्नायू. जेवणानंतर रक्तातली साखर मोठ्या प्रमाणात स्नायू उचलतात. आपल्याकडे ही गोदामंच छोटी, म्हणून ती वाढवायची. आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि जोर, रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं शतपावली. जिमची फी लागत नाही.

तीन, ताट. पोहे-उपमा-बटाटा-भात अशी पिठूळ गाडी दिवसभर चालायची. आता एका वेळेला तरी मटकीची उसळ, घट्ट वरण किंवा अंडी, आणि पालेभाजी वाढून घेताना कंजूषपणा नाही. भाकरी आहेच, फक्त तीनाच्या दोन झाल्या. चहासोबतचा बिस्किटांचा पुडा बंद. मिसळ रविवारी, एकच पाव.

चार, उपासमार नाही. मिनेसोटाचे ते ३६ तरुण आठवा. पंधरा दिवसांत दहा किलो उतरवायला गेलात तर स्नायूही जातात, आणि परत येताना चरबी पुढे असते. आपल्यासारख्या बारीक-लठ्ठांना हा सौदा सगळ्यात महाग. आधीच गोळ्या चालू असतील किंवा गरोदर असाल, तर काहीही बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आणि हो, हे ऐकून कुणी स्वतःला किंवा आईला दोष देऊ नका. त्या सहा गावांतल्या बायका आळशी नव्हत्या, त्या जास्तच राबत होत्या. बाळाने पोटात असताना जे मिळालं त्यात भागवलं, एवढंच.

परवा मी बाबांची कंबर मोजली. ते आधी हसले, मग गप्प झाले आणि म्हणाले, "हे मला पंचवीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं." आता रात्रीची शतपावली आम्ही दोघं मिळून करतो.

तुमच्या घरी शिवणाच्या डब्यात टेप असेलच. आज रात्री काढा. आकडा आम्हाला सांगू नका, स्वतःला सांगा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर काळजी घ्या!