पन्नास सह्यांचे मुखत्यारपत्र

‘यांच्यातल्या कुणाला मत द्यायचे?’ हा प्रश्न दर निवडणुकीत पुण्याच्या कट्ट्याकट्ट्यांवर ऐकू येतो. २०१९ साली पुणे लोकसभा मतदारसंघात निम्म्याहूनही कमी मतदान झाले. त्याला इतर कारणे असतील, पण ही निराशाही त्यांपैकी एक असावी. या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मत हे उमेदवाराच्या चारित्र्याचे प्रशस्तिपत्र आहे. पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास चाळताना मला मात्र मताचा याहून जुना आणि अधिक व्यवहारी अर्थ सापडतो.

पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुणेकरांत असंतोष होता. त्याला वाट देण्याच्या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचे प्रवर्तक. सभेचा सभासद होण्याची अट मोठी लक्षणीय होती. किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणल्याशिवाय सभासदत्व मिळत नसे. आरंभीच्या ९५ सभासदांच्या मागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. मुखत्यार हा देवमाणूस असावा लागत नाही. त्याने आपल्या वतीने बोलावे आणि आपण विचारले की हिशेब द्यावा, एवढेच पुरते.

ही सभा सर्वांची होती, असे मात्र म्हणता येत नाही. सरदार, सावकार, वकील आणि शिकलेली ब्राह्मण मंडळी यांचाच तिच्यात भरणा होता. जोतीराव फुले यांनी तिच्या ‘सार्वजनिक’पणावरच बोट ठेवले. प्रतिनिधींविषयी निराश होण्याचा अधिकार फुल्यांइतका क्वचितच कुणाला असेल. तरीही १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेत बसले. ते सरकारनियुक्त सदस्य होते. ज्यांच्यासाठी ते बोलत, त्यांना मताचा अधिकारच नव्हता. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे फुल्यांचे म्हणणे होते. बत्तीस सदस्यांपैकी विरोधी मत त्यांचे एकट्याचे पडले. ठराव मंजूर झाला, पण तो बिनविरोध झाला नाही.

आता अलीकडचे पाहू. १४ मार्च २०२२ रोजी पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादांत निवडणूक लांबत गेली, ती थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधली जवळजवळ चार वर्षे शहर प्रशासकाच्या हाती होते. त्यातच मार्च २०२३ मध्ये खासदार गिरीश बापट यांचे निधन झाले आणि पोटनिवडणूक न होता ती जागा २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामी राहिली. महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक बारा हजार कोटी रुपयांच्या वर गेले. एक हजार रुपयांच्या खर्चाला विरोध करायला एकेकाळी निदान एक हात वर झाला होता. या बारा हजार कोटींपुढे वर होऊ शकेल असा लोकनियुक्त हातच सभागृहात नव्हता.

नगरसेवक असते तर त्यांनी सगळे शहाणपणाने केले असते, असा माझा दावा नाही. पण पाणी आले नाही, ड्रेनेज तुंबले, तर ज्याच्या दारात जाऊन भांडावे असा माणूस मताने मिळतो. तो नालायक निघाला तरी त्याला पुन्हा आपल्याच दारात यावे लागते. प्रशासकाला तसे यावे लागत नाही.

उमेदवार पसंत नसतील, तर २०१३ पासून ‘नोटा’चे बटणही आहे. तेही घराबाहेर पडल्यावरच दाबता येते. मत दिल्याने काम संपत नाही, हे १८७० च्या सह्या करणाऱ्यांना ठाऊक होते. मुखत्यारपत्र लिहून दिले की हिशेब मागण्याचा हक्क सुरू होतो. ते लिहूनच दिले नाही, तर हिशेब कुणाकडे आणि कशाच्या आधारावर मागणार?