शेवटून पहिला आलेला इंग्लिश बॅक

2015 च्या जानेवारीत मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. लोणावळ्याहून लोकल पकडायची, चिंचवडला उतरायचं आणि तिथून बस करत बालेवाडीला पोहोचायचं. आय-लीगची मॅच बघायला. आमच्या कॉलेजच्या टीममध्ये मी बॅकला खेळायचो, त्यामुळे माझं लक्ष कायम डिफेन्सवर. स्टँड बहुतेक रिकामे असायचे. टचलाइनवरून इंग्लंडचा एक माणूस ओरडायचा. तो स्ट्युअर्ट वॉटकिस, भारत एफसीचा कोच.

या माणसाबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा लेख.

वॉटकिसचा जन्म 1966 चा, वुल्व्हरहॅम्प्टनचा. तो सेंट्रल डिफेंडर. वुल्व्हज, वॉल्सॉल, हेरेफर्ड, मॅन्सफिल्ड अशा क्लबांतून खेळला. प्रीमियर लीगच्या झगमगाटापासून हे सगळं बरंच खाली. खेळणं संपल्यावर तो कोचिंगकडे वळला. जानेवारी 2002 मध्ये मॅन्सफिल्ड टाउनचा मॅनेजर बिली डिअर्डन नॉट्स काउंटीला निघून गेला आणि टीम वॉटकिसच्या हातात आली. त्याच हंगामात मॅन्सफिल्ड चौथ्या स्तरावरून वर चढलं. डिसेंबर उजाडेपर्यंत क्लबने त्याला काढून टाकलं होतं. पुढे तो किडरमिन्स्टर हॅरियर्सला गेला. 2005 मध्ये तो क्लब फुटबॉल लीगमधूनच बाहेर पडला.

मग पुणे. कल्याणी समूहाने 2014 च्या अखेरीस भारत एफसी काढला. थेट आय-लीगमध्ये प्रवेश, घरचं मैदान बालेवाडी. त्याच मैदानावर पुणे एफसी आधीपासून होता. मावळाच्या वेशीवर, देहूरोडजवळच्या मामुर्डीत त्यांचा सराव चालायचा. गोव्याचा जुना डिफेंडर डेरिक परेरा कोच असताना, 2012-13 मध्ये, पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला होता. म्हणजे तुलना दारातच उभी होती.

वॉटकिसच्या टीममध्ये बॉबी हॅसल नावाचा इंग्लिश डिफेंडर होता. मॅन्सफिल्डच्या 2002 च्या त्या टीममध्ये हा पोरगा होता. नंतर त्याने बार्न्सलीत बरीच वर्षं काढली आणि तिशी उलटून गेल्यावर तो आपल्या जुन्या कोचच्या टीममधून पुण्यात खेळायला उतरला.

गोष्ट इथे गोड व्हायला हवी होती. झाली नाही. अकरा टीमांत भारत एफसी अकरावा आला.

खालच्या डिव्हिजनमध्ये मात्र गेला डेम्पो. थेट प्रवेश घेतलेल्या भारत एफसीला रेलिगेशनपासून संरक्षण होतं, त्यामुळे दहाव्या नंबरच्या डेम्पोवर कुऱ्हाड पडली. डेम्पो म्हणजे पाच वेळा देशाचा चॅम्पियन झालेला गोव्याचा क्लब. आणि ज्याला वाचवलं, तो भारत एफसी पुढच्या हंगामाला उतरलाच नाही. पुणे एफसीनेही त्याच वर्षी माघार घेतली. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी 2019 ला संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली.

हे सगळं मी आत्ता का उकरून काढतोय? दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने आमचं प्रॉडक्ट बंद केलं. तीन वर्षांचा कोड एका दुपारी आर्काइव्ह झाला. लोकलमध्ये बसून मी विचार करत होतो की आता रेझ्युमेवर काय लिहायचं. बंद पडलेल्या गोष्टीत चांगलं काम केलं होतं, हे सिद्ध कसं करायचं? वॉटकिसचं नाव तेव्हा आठवलं. टेबलमध्ये त्याच्या पुण्यातल्या वर्षाची एकच ओळ आहे, तीही तळाला. त्या ओळीत हॅसल दिसत नाही. विशीत ज्याच्या हाताखाली खेळलो त्याच्यासाठी तेरा वर्षांनी परक्या देशात खेळायचं, हे कुणी उगाच करत नाही.

त्याने फारशा मॅचेस जिंकल्या नाहीत, हे खरंच. शेवटचा नंबर तो शेवटचाच. मी तो झाकत नाही.

गेल्या महिन्यात त्या बंद पडलेल्या टीमच्या लीडचा फोन आला. नवीन कंपनी, पगार आत्ताच्यापेक्षा कमी. "येतोस का?" मी विचारलं, "दादा, टिकेल का?" तो म्हणाला, "माहीत नाही रे."

मी हो म्हटलं.