‘आळशी’ वायूंची कहाणी



आपण आत्ताच घेतलेल्या श्वासात एक वायू असा होता, की जो जसा आत गेला तसाच बाहेर आला. त्याचे नाव अर्गॉन. हवेचा जवळजवळ एक टक्का भाग त्याचा आहे. तरी त्याचा शोध लागण्यास १८९४ साल उजाडावे लागले.

तत्पूर्वी १७८५ मध्ये इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश याने हवेतून विजेच्या ठिणग्या सोडून तीतील ऑक्सिजन व नायट्रोजन काढून टाकले. शेवटी एक इवलासा बुडबुडा उरला. तो काही केल्या जाईना! त्याची त्याने नोंद केली. पण पुढे शंभर वर्षे तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मग लॉर्ड रॅले यांना आढळले, की हवेतून मिळविलेला नायट्रोजन हा अमोनियापासून केलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो. या अल्पशा फरकाचा पाठपुरावा करून रॅले व विल्यम रॅम्से यांनी नवा वायू शोधला व त्याला ग्रीक भाषेतील ‘आळशी’ या अर्थाचे नाव दिले. फ्रान्सच्या मॉइसाँ यांनी अत्यंत जहाल अशा फ्ल्युओरीनशी त्याचा संयोग घडवून पाहिला. तोही व्यर्थ गेला.

असे का व्हावे? १९१६ मध्ये लुईस व कोसेल यांनी याचा उलगडा केला. सोडियमच्या बाहेरील कवचात एक इलेक्ट्रॉन जादा असतो, क्लोरीनला एक कमी पडतो. या देवघेवीतून मीठ बनते. अर्गॉनच्या बाहेरील कवचात मात्र आठ इलेक्ट्रॉन असतात. त्याला ना कोणाचे घेणे, ना कोणाचे देणे! म्हणून या कुटुंबाला ‘निष्क्रिय वायू’ म्हणू लागले.

परंतु निसर्ग आपल्या शिक्क्यांना बांधलेला नसतो. नील बार्टलेट हा कॅनडातील व्हँकुव्हर येथील विद्यापीठात शिकवणारा एकोणतीस वर्षांचा तरुण. प्लॅटिनम हेक्साफ्ल्युओराइड हा पदार्थ ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन ओढून घेतो, हे त्याने पाहिले होते. त्याने कोष्टके चाळली. झेनॉनचा अणू मोठा, त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर. त्यातील एक काढण्यास लागणारी ऊर्जा जवळपास ऑक्सिजनच्या रेणूइतकीच! मग झेनॉन का नको? २३ मार्च १९६२ रोजी त्याने दोन्ही वायू एकत्र केले आणि पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. जगभरची पाठ्यपुस्तके बदलावी लागली. आज या वायूंना आपण ‘राजवायू’ म्हणतो. हेलियम व निऑन यांची मात्र साधारण परिस्थितीत टिकणारी संयुगे अद्याप मिळालेली नाहीत.

मित्रांनो, ती कोष्टके बार्टलेटच्या आधीही छापलेली होती, सर्वांसाठी खुली होती. त्याने दोन आकडे शेजारी ठेवले व प्रश्न विचारला, एवढेच. तेव्हा आपणही धडा पाठ करून थांबू नका; ‘असे का?’ हे विचारा. आणि पालकहो, मूल असे विचारील तेव्हा त्याला गप्प बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल, तर त्याच्यासोबत शोधायला बसा.