गोधडी : घरातला न लिहिलेला इतिहास

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, अशी सूचना आली. आपला मंडणगड तालुका म्हटला की बाणकोटचा किल्ला आणि नाना फडणवीसांचे वेळास आठवते. पण जो इतिहास आपण पिढ्यान्‌पिढ्या अंगावर पांघरला, त्या गोधडीविषयी मी चार शब्द लिहिणार आहे.

गोधडीला नवे कापड लागत नाही. जुनी नऊवारी लुगडी, विरलेली धोतरे यांचे थर पसरावयाचे, कडा आत दुमडावयाच्या आणि काठाकडून मध्याकडे धावदोरा घालीत जावयाचे. ओळी जितक्या जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. उरलेले रंगीत तुकडे वर लावले की तिला शोभा येते. हे काम आगोटीपूर्वी उरकावे. एकदा पाऊस लागला की जाड गोधडी वाळणार कशी? बाळाचे दुपटेही अशाच मऊ, जुन्या सुताचे. बंगालची कांथा आणि उत्तर कन्नडातील सिद्दी स्त्रियांची कवंदी या हिच्याच बहिणी.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीसाठी कंपनी काढली. १८५६ साली ताडदेवची गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि आपल्या जिल्ह्यातील हजारो पुरुष तेथे चाकरीस गेले. त्यांच्यामागे गिरणीचे कापड गावी आले. ते विरले की गोधडीत गेले. १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले. त्या टंचाईत चिंधीसुद्धा टाकीत नसत, असे माझी आजी सांगे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि अनेक चाकरमानी गावी परतले. त्यांचे अंथरूण-पांघरूण घरच्या बायकांनीच पाहिले.

गिरणीतल्या श्रमाची नोंद हजेरीपटावर झाली. सुई धरणाऱ्या हातांची कोठेच झाली नाही. आता लुगडी दुर्मिळ झाली. कृत्रिम धाग्याच्या साड्या घाम शोषत नाहीत आणि शिवताना थर सरकतात. म्हणून माझी विनंती अशी : घरातली जुनी गोधडी फेकण्यापूर्वी ती कोणी शिवली, त्यात कोणाचे लुगडे आहे, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. आणि येत्या भाऊबीजेला सुती कापडाचे चार थर घेऊन हातभर आसन तरी शिवा. लेकीला शेजारी बसवा. टाका पाहूनच येतो.