शाळेचे आवार आणि मुलांचे मत

शाळेची इमारत वडीलधाऱ्यांच्या विचाराने उभी राहते, हे सर्वश्रुतच आहे. परंतु आवाराची आखणी मुलांस विचारून झाल्याचे दाखले विरळा. त्यांपैकी एक येथे सादर करतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात बर्कली नामक नगर आहे. तेथील वॉशिंग्टन प्राथमिक शाळेचे सुमारे दीड एकराचे आवार पूर्वी डांबराने झाकलेले होते. इ. स. १९७० नंतरच्या दशकात मुख्याध्यापक हर्बर्ट वाँग व उद्यानरचनेचे अध्यापक रॉबिन मूर यांनी ते पालटण्याचे मनावर घेतले. आणि कागदावर रेघ ओढण्यापूर्वी मुलांचे मनोगत जाणून घेतले. मुलांनी आपल्या इच्छा चित्रांतून व शब्दांतून मांडल्या. शिक्षक, पालक व शेजारी यांनी हातभार लावला. सुमारे अर्ध्या एकरावरील डांबर जाऊन तेथे तळी, झाडी व कुरण आले, आणि तेच मुलांचे वर्गही झाले. हा वृत्तान्त उभयतांनी १९९७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

वाचकहो, डांबर घालणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मात्र तेथे दिवसभर वावरणाऱ्यांचा विचार कोणी घेतला नव्हता. आपल्या शाळेच्या अंगणात नवे रोप लावण्याचा प्रसंग येईल, तेव्हा जागा दाखविण्याचा पहिला मान मुलांस द्यावा, एवढीच विनंती.